नाव आधी की आंबा आधी? देवगडच्या एका बागायतदाराच्या साइटवरच्या पेज टायटलचं प्रकरण

कुटुंबाची ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि ब्रँडच्या नावाच्या जागी ‘अबक’ लिहिलं आहे. साइटवरची टायटलं मुळात इंग्रजीत होती, इथे ती देवनागरीत उतरवली आहेत. विक्रीचे आणि क्लिकचे नेमके आकडे घरच्यांच्या सांगण्यावरून दिलेले नाहीत.

पार्श्वभूमी

देवगड तालुक्यातलं बागायतदार कुटुंब. कलमं आजोबांनी लावलेली, आता नाना आणि त्यांचे भाऊ बाग बघतात. माल पूर्वी सगळा वाशीच्या मार्केटला दलालाकडे जायचा. पुढे पुण्या-मुंबईतल्या ओळखीच्या घरांना थेट पेट्या जाऊ लागल्या, तोंडी प्रसिद्धीने ती यादी वाढत गेली आणि पुण्यात नोकरी करणाऱ्या धाकट्या मुलाने साइट उभी केली. साइटसाठी वर्डप्रेस, त्यावर दुकानासाठी वूकॉमर्स आणि पेजचं टायटल, म्हणजे गूगलच्या निकालात दिसणारी ठळक ओळ, लिहायला योस्ट हे प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर). मार्च ते मे हापूसच्या पेट्या, बाकी वर्षभर आंबापोळी, फणसपोळी, कोकम आगळ आणि आमरसाचे डबे.

कंपनी नोंदवताना सीएने सुचवलेलं भारदस्त नाव घेतलं होतं: ‘अबक ॲग्रो फार्म्स ॲण्ड फूड प्रॉडक्ट्स प्रायव्हेट लिमिटेड’. योस्टच्या साच्यात हेच नाव प्रत्येक पेजच्या टायटलमध्ये सर्वांत आधी बसवलेलं. मधल्या काळात एका एजन्सीने या नावापुढे कीवर्डची, म्हणजे लोक गूगलवर टाइप करतात त्या शब्दांची, माळ ओवली. हापूसच्या पेटीच्या पेजचं टायटल असं झालं होतं:

‘अबक ॲग्रो फार्म्स ॲण्ड फूड प्रॉडक्ट्स प्रायव्हेट लिमिटेड | हापूस आंबा, अल्फान्सो मँगो ऑनलाइन, बेस्ट देवगड हापूस, हापूस पुणे, हापूस मुंबई 2022’

सन तर मागच्या हंगामाचा होता.

अडचण

साइटची टायटलं सुधारायचं काम आमच्याकडे आलं ते मार्चच्या शेवटी. पाडव्याच्या पेट्या गेल्या होत्या. जुनी गिऱ्हाइकं फोनवर ऑर्डर देत होती, नवी येत नव्हती. मुलाचं म्हणणं, “देवगड हापूस ऑनलाइन शोधलं की आपण दिसतो, पण कोणी आत येत नाही.”

सर्च कन्सोल (साइट गूगलवर कशी दिसते ते सांगणारं गूगलचं साधन) उघडल्यावर त्याचं म्हणणं बरोबर निघालं. पेटीचं पेज पहिल्या पानाच्या खालच्या अर्ध्यात येत होतं, इम्प्रेशन (निकालात दिसण्याच्या वेळा) भरपूर, क्लिक नगण्य. मोबाइलवर तोच शोध घेतला तेव्हा कारणही डोळ्यांसमोर आलं. वरच्या-खालच्या विक्रेत्यांच्या टायटलमध्ये ‘देवगड हापूस’, ‘5 डझन’, ‘घरपोच’ असे शब्द दिसत होते. आमच्याकडे ‘अबक ॲग्रो फार्म्स ॲण्ड फूड प्रॉडक्ट्स प्राय…’ इथेच ओळ तुटत होती. आंबा कापलेल्या भागात गेला होता. आंबापोळीचं पेज, आगळाचं पेज, संपर्काचं पेज, सगळी अशीच तुटलेली आणि सगळी एकसारखी.

काही पेजेसवर गूगलने टायटल स्वतःच बदलून पेजवरचं ठळक शीर्षक उचललं होतं. यात गूढ काही नाही. 2021 च्या ऑगस्टमध्ये गूगलने निकालातलं टायटल ठरवायची पद्धत बदलली आणि पुढच्या महिन्यात सांगितलं की साधारण 87 टक्के वेळा साइटने दिलेलं टायटलच वापरलं जातं. आधी हे प्रमाण 80 टक्क्यांच्या आसपास होतं. उरलेल्या वेळी ते का बदलतात याची जी उदाहरणं गूगलने दिली, त्यांत जुनं सन राहिलेली टायटलं आणि अनेक पेजेसवर तोच तो मजकूर असलेली टायटलं आहेत. आमच्याकडे दोन्ही होतं.

आणखी एक गुंता होता. ‘अबक’ हे ग्रामदेवतेचं नाव. त्या नावाचं मालवणकडे हॉटेल आहे, कुठे हार्डवेअरचं दुकान आहे, कुठे ट्रान्सपोर्ट. त्यामुळे नुसतं नाव टाइप करणाऱ्यालाही आंबेवाले अबक पटकन सापडत नव्हते.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय नानांचा, म्हणजे आहे तसंच ठेवायचं. “नाव पयला येवक व्हया. लोक आमका नावान वळाखतत,” असं त्यांनी फोनवर ठणकावलं. पेटीवर नाव मोठ्या अक्षरात छापतो, मग साइटवर मागे का, हा त्यांचा सवाल. तो हट्ट म्हणून सोडून देण्यासारखा नव्हता. हापूसच्या धंद्यात फसवणूक इतकी आहे की कर्नाटकातला आंबा ‘देवगड’ छापलेल्या पेटीत सर्रास विकला जातो. अशा बाजारात ओळखीचं नाव हीच गिऱ्हाइकाची खात्री असते.

दुसरा पर्याय मुलाचा: ब्रँड काढूनच टाकायचा, सगळी जागा कीवर्डला. अनोळखी माणूस ‘अबक’ शोधत नाही, तो आंबा शोधतो. शिवाय गूगलने 2022 च्या ऑक्टोबरपासून मोबाइलवर आणि 2023 मध्ये डेस्कटॉपवरही टायटलच्या वर साइटचं नाव वेगळं दाखवायला सुरुवात केली आहे. मग तेच नाव टायटलमध्ये पुन्हा कशाला?

तिसरा पर्याय बहुतेक जण डोळे मिटून निवडतात तो. साचा उलटा करायचा: आधी वस्तू, मग उभी रेघ, मग नाव. योस्टमध्ये पाच मिनिटांचं काम. गूगलच्या मार्गदर्शनातही नाव थोडक्यात, सुरुवातीला किंवा शेवटी, हायफन, कोलन किंवा उभ्या रेघेने वेगळं करून द्यावं असंच म्हटलं आहे. सुरुवातीला की शेवटी, हे ते आपल्यावर सोडतात.

चौथा पर्याय म्हणजे एकच साचा न लावता पेजगणिक ठरवायचं: या पेजवर कोण येतं, आपल्याला ओळखणारा की न ओळखणारा?

निर्णय कसा झाला

वाद मतांवर चालला असता तर हंगाम संपला असता. म्हणून सर्च कन्सोलमधले शोध दोन ढिगांत विभागले: ब्रँडचं नाव असलेले आणि नसलेले. लोक एकच नाव रोमन लिपीत चार तऱ्हांनी लिहितात, तेव्हा सगळी स्पेलिंगं रेजेक्स फिल्टरमध्ये (एकाच गाळणीत शब्दाच्या अनेक तऱ्हा पकडणारं सूत्र) घातली. ही विभागणी पूर्ण नसते, कारण फार थोड्यांनी केलेले शोध गूगल गोपनीयतेसाठी यादीत दाखवतच नाही. पण कल दिसायला ती पुरली.

त्यात तीन गोष्टी दिसल्या आणि पुढचं जवळपास सगळं त्यांवरच ठरलं.

ब्रँडचे शोध मुख्यतः होम पेजवर आणि संपर्काच्या पेजवर उतरत होते. ‘अबक आंबा फोन नंबर’ हा शोध तर फेब्रुवारीच्या अखेरीला उगवायचा आणि जूनमध्ये मावळायचा. जुन्या गिऱ्हाइकांनी नंबर हरवलेला असतो, नाव लक्षात असतं.

पेटीच्या पेजवर मात्र इम्प्रेशन जवळपास सगळी ब्रँड नसलेल्या शोधांची होती. ‘हापूस 5 डझन किंमत’, ‘देवगड हापूस पुणे’ वगैरे.

आणि तिसरी, माझ्या मते सर्वांत मोलाची: ‘अबक ॲग्रो फार्म्स’ असं कोणीही शोधत नव्हतं. लोक ‘अबक मँगो’, ‘अबक देवगड’ किंवा ‘अबक हापूस’ लिहीत होते. म्हणजे ज्या लांबलचक नावासाठी टायटलची सगळी जागा गेली होती, ते गिऱ्हाइकाच्या तोंडी नव्हतंच. नाना नावासाठी भांडत होते ते बरोबर होतं. पण टायटलमध्ये त्यांचं नाव नव्हतं, कंपनीचं होतं.

हे त्यांना दाखवल्यावर भांडण विरलं. टायटलपुरता ब्रँड म्हणजे ‘अबक’ किंवा ‘अबक देवगड’. कंपनीचं पूर्ण नाव बिलावर, फुटरमध्ये (पेजच्या तळाशी) आणि अटी-शर्तींच्या पेजवर राहील. नाव इतकं आखूड झालं की ते शेवटी ठेवलं तरी बहुतेक टायटलांत दिसतं. आधी-नंतरचा अर्धा प्रश्न लांबीचाच होता.

चौथा पर्याय ठरला. लगेच दुसरा प्रश्न आला: कधी करायचं? मुलाला त्याच रात्री सगळं बदलायचं होतं. अक्षय्य तृतीया तोंडावर, मागणी चढती. पण बदललेलं टायटल गूगलने पुन्हा वाचून निकालात दाखवायला काही दिवस, लहान साइटच्या आतल्या पेजेसना काही आठवडेही लागतात. शिवाय भर हंगामात होम पेज हलवलं आणि जुन्या गिऱ्हाइकांना नंबर सापडेना झाला, तर ते नुकसान त्या वर्षी भरून येणार नाही. म्हणून हंगामात फक्त पेटीचं पेज आणि पुणे घरपोचचं पेज बदलायचं, बाकीचं पावसाळ्यात, असं ठरलं.

काय केलं

पेटीच्या पेजचं टायटल ‘देवगड हापूस आंबा पेटी, 4 व 5 डझन | अबक’ असं झालं. सन काढून टाकलं. ‘बेस्ट’ही काढलं, कारण प्रत्येक विक्रेता बेस्टच असतो. पेजवरचं ठळक शीर्षकही टायटलशी जुळवून घेतलं, म्हणजे गूगलला दोघांतून निवड करायची वेळच येऊ नये. दोन्ही पेजेस सर्च कन्सोलच्या यूआरएल तपासणीतून पुन्हा वाचनासाठी पाठवली.

इथे एक मुद्दा निघाला जो मला टायटलच्या लांबीपेक्षा मोठा वाटतो. काही पेट्या देवगडच्या नव्हत्या. रत्नागिरीत नानांच्या मेहुण्यांची बाग आहे, तिथला आंबा याच पेजवरून जायचा. ‘देवगड हापूस’ हा शोध ‘रत्नागिरी हापूस’पेक्षा त्यांच्याकडे जास्त येत होता, म्हणून मुलाचा कल सगळ्याला देवगड म्हणण्याकडे. नाना ऐकेनात. “तो आंबो देवगडचो नाय, मगे देवगड कित्याक लिवतस?” 2018 साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर अशा पाच जिल्ह्यांसाठी. तेव्हा दोन्ही आंबे हापूस म्हणून खरेच. पण देवगड म्हणजे देवगड. कीवर्ड हा गिऱ्हाइकाला दिलेला शब्दही असतो. रत्नागिरीच्या पेट्यांचं पेज वेगळं काढलं, त्याचं टायटल वेगळं.

पावसाळ्यात उरलेली साइट घेतली. होम पेजवर नाव पुढे: ‘अबक देवगड – हापूस आंबा थेट आमच्या बागेतून’. नाव आणि आंबा एकाच ओळीत आल्याने हॉटेल आणि हार्डवेअरवाल्या अबकपासून फारकतही झाली. संपर्काच्या पेजवरही नाव पुढे: ‘अबक आंबेवाले, देवगड: फोन नंबर आणि पत्ता’. हे ‘आंबेवाले’ घरी ऑर्डरींचे फोन घेणाऱ्या वहिनींनी सुचवलं. फोनवर लोक तेच म्हणतात. आंबापोळी, आगळ, डबे यांत वस्तू पुढे, नाव शेवटी. ‘पेटी आल्यावर आंबा घरी कसा पिकवावा’ आणि ‘आंब्यात साका का होतो’ (साका म्हणजे गरात होणारा पांढरट, स्पंजासारखा दोष) अशी माहितीची पेजेस होती. तिथे प्रश्नच ठेवला, नाव काढलं.

होम पेजवर वेबसाइटचा स्ट्रक्चर्ड डेटा (गूगलला वाचता येईल अशी कोडमधली माहिती) घालून साइटचं नाव ‘अबक देवगड’ दिलं, कारण टायटलच्या वर गूगल अजूनही कंपनीचं लांब नाव दाखवत होतं. हे बदलायला टायटलपेक्षा जास्त वेळ लागला, पण बदललं.

गावागणिक केलेली घरपोचची पेजेस, जी एजन्सीने एकाच मजकुरात शहराचं नाव बदलून काढली होती, ती पुणे आणि मुंबई सोडून बंद केली आणि पेटीच्या पेजकडे वळवली. तिथे टायटल सुधारण्यासारखं काही नव्हतं. आत सांगण्यासारखं काही असेल तर पेज हवं.

मुलाने गूगल मॅप्सवरच्या व्यवसायाच्या नावातही ‘देवगड हापूस होलसेल पुणे’ जोडायचं काढलं होतं. ते थांबवलं. तिथे प्रत्यक्षात वापरात असलेलं नावच द्यायचा नियम आहे, आणि कीवर्ड घुसवल्याने प्रोफाइल निलंबित होऊ शकते. टायटलमध्ये जी मोकळीक आहे ती तिथे नाही.

लांबीबद्दल एक तांत्रिक टीप. गूगलने टायटलसाठी अक्षरांची मर्यादा ठरवलेली नाही. ओळ पडद्याच्या रुंदीप्रमाणे तुटते. काही प्लगइन अक्षरं मोजतात तेव्हा देवनागरीत काना, वेलांटी, हलन्त सगळं वेगवेगळं मोजलं जातं, पण उकार-मात्रा जागा फारशी घेत नाहीत. पुढे मराठी पेजेस सुरू केली तेव्हा प्लगइनचा लाल दिवा बघून मुलगा शब्द कापत सुटला होता. आपल्या फोनवर निकाल उघडून बघणं हेच खरं मोजमाप.

काय निष्पन्न झालं

हापूसच्या साइटचे आकडे महिन्यामागे महिना ताडून काही कळत नाही. फेब्रुवारीपेक्षा एप्रिल चढा असणारच. मागच्या वर्षीचा एप्रिल घ्यावा, तर मोहोर उशिरा आला की अख्खा हंगाम पुढे सरकतो. म्हणून दोन्ही वर्षी बुकिंग ज्या आठवड्यात उघडलं तिथून मोजायला सुरुवात केली. सर्च कन्सोल 16 महिन्यांचाच डेटा ठेवतं, त्यामुळे आधीच्या हंगामाची फाइल वेळेत उतरवून घेतली होती.

पुढच्या हंगामात पेटीच्या पेजचा सरासरी क्रमांक थोडाच हलला, पण त्याच जागेवरून येणारे क्लिक स्पष्टपणे वाढले, आणि वाढ ब्रँड नसलेल्या शोधांत होती. माझा अंदाज होता तसंच हे झालं: टायटलमधल्या शब्दांची अदलाबदल क्रमवारीपेक्षा वाचणाऱ्यावर जास्त काम करते. होम आणि संपर्काच्या पेजवरचे ब्रँडचे क्लिक टिकले. यातलं श्रेय सगळं टायटलला देता येणार नाही. त्या वर्षी दर वेगळे होते, पीक वेगळं होतं, पेजवर फोटोही चांगले लावले होते.

आगळाच्या पेजवर काहीच फरक पडला नाही. तिथे वरच्या सगळ्या जागा मोठ्या ऑनलाइन बाजारांनी धरलेल्या आहेत, आणि जे पेज कोणाला दिसतच नाही त्याच्या टायटलने काय होणार?

त्रास अनपेक्षित ठिकाणी झाला: व्हॉट्सॲपवर. गूगलवर साइटचं नाव वर दिसतं, व्हॉट्सॲपवर दिसत नाही. लिंक पाठवली की ठळक ओळ दिसते ती पेजच्या सोशल टायटलची (लिंक शेअर केल्यावर दिसणारं टायटल), खाली बारीक अक्षरात डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता. वेगळं सोशल टायटल दिलेलं नसल्यामुळे योस्ट तिथे नेहमीचंच टायटल पुढे करत होता. सोसायट्यांच्या ग्रुपवर ‘देवगड हापूस आंबा पेटी, 4 व 5 डझन…’ अशी कार्डं फिरू लागली. नाव शेवटी, कधी कापलेलं. जुन्या गिऱ्हाइकांचे फोन आले, “ही लिंक तुमचीच ना? की कोणी तुमच्या नावावर…” ज्या धंद्यात फसवणुकीची भीती आहे तिथे हा प्रश्न साधा नाही. मग योस्टमध्ये सोशल टायटल वेगळं लिहिलं आणि तिथे नाव पुढे आणलं: ‘अबक देवगड: हापूस पेटी, 4 व 5 डझन’. आधी पाठवलेल्या लिंकांची कार्डं जुनीच राहिली; नव्याने पाठवलेल्यांत फरक दिसू लागला.

म्हणजे एकाच पेजला दोन टायटलं. गूगलवर अनोळखी माणूस येतो, तिथे आंबा पुढे. व्हॉट्सॲपवर ओळखीतून ओळखीकडे लिंक जाते, तिथे नाव पुढे. नानांचं म्हणणं अशा तऱ्हेने निम्म्या ठिकाणी खरं ठरलं, आणि ते त्यांनी ऐकवायचं सोडलं नाही.

पुन्हा करायचं झालं तर

ब्रँडचे आणि बिनब्रँडचे शोध वेगळे करणं ही पहिल्या दिवसाची गोष्ट असावी, पर्यायांवर बोलण्याआधीची. त्याने वाद लवकर मिटतो. आणि फोन घेणाऱ्या वहिनींना आधी विचारावं. लोक आपल्याला काय म्हणतात हे सर्च कन्सोलच्या आधी त्यांना माहीत होतं.

काम हाती घ्यायची वेळ नोव्हेंबर-डिसेंबर. मोहोर दिसायला लागतो तेव्हा टायटलं तयार असली तर गूगलला वाचायला पुरेसा वेळ मिळतो, आणि घरच्यांनाही फोनवरच्या ऑर्डरींच्या गर्दीत हे बघावं लागत नाही.

सोशल टायटल त्याच बैठकीत लिहावं. प्रत्येक बदलाची तारीख, जुनं टायटल, नवं टायटल अशी एक साधी वही किंवा शीट ठेवावी. योस्टमध्ये जुनं टायटल पुसलं की मागे काय होतं ते आठवत नाही.

माहितीच्या पेजेसवरून नाव पूर्ण काढणं बरोबर होतं का, यावर आमच्यात अजून एकमत नाही. साक्यावरचं पेज भरपूर वाचलं जातं, पण वाचून जाणाऱ्याला कोणाच्या बागेतल्या माणसाने हे सांगितलं ते लक्षात राहत नाही. मुलाला तिथे शेवटी ‘| अबक’ जोडायचं आहे. येत्या हंगामात अर्ध्या पेजेसवर जोडून आणि अर्ध्यांवर न जोडता बघणार आहोत. साक्याचं पेज जोडलेल्यांत असेल, पिकवण्याचं नाही.